मिस्टर झेलमन कपाट विकतात

अ‍ॅशमिन्स्टर हे इंग्लंडातलं लहानसं आणि अतिशय जुनं गाव. तिथल्या एका अरुंद गल्लीचं नाव जूरी लेन, म्हणजे ज्यूंची आळी. सातशे वर्षांपूर्वी राजानं देशातले सगळे ज्यू हाकलून दिले, आळीचं नाव तेवढं राहू दिलं. पाटी बदलायचे कष्ट कोण घेणार! १९८८ साली त्या आळीत ज्यू म्हणून एकच माणूस होता, पाच नंबरातले मिस्टर झेलमन, रिटायर्ड घड्याळजी. त्यांच्या भिंतीला भिंत लावून सात नंबरात इव्हाडनी ग्रँट. या बाई जमैकाहून नर्सिंग शिकायला आल्या आणि वॉर्ड सिस्टर म्हणून रिटायर झाल्या. गावात काळी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यांतल्या त्या सगळ्यांत ठसठशीत. आणि नऊ नंबरात अनुराधा जोगळेकर. तिचे यजमान शशिधर गावच्या हॉस्पिटलात डॉक्टर होते.

अनुराधाला या दोघांचा फार आधार होता. पुण्याहून नवी आली तेव्हा बॉयलर कसा पेटवायचा ते झेलमननी शिकवलं. बाळंतपणात इव्हाडनीबाईंनी तिला दहा दिवस चुलीकडे फिरकू दिलं नाही. त्या दोघांचं आपसातलं मेतकूट तर चौदा वर्षांचं. झेलमनची बायको लोटे ही राय नावाच्या काळपट धान्याच्या पिठाचा ब्रेड भाजायची, त्यातला अर्धा सात नंबरात जायचा. लोटे दोन वर्षांपूर्वी गेली. मग झेलमन स्वतः भाजायला शिकले. ब्रेड विटेसारखा व्हायचा, पण अर्धी वीट न चुकता शेजारी पोचायची.

अशा माणसांचं त्या मार्चमध्ये बिनसलं. ईस्टरच्या तयारीसाठी इव्हाडनीबाईंच्या चर्चची मंडळी लेस्टरहून मिनीबस भरून यायची आणि त्यांच्या बैठकीच्या खोलीत गायची. माणसं सोळा, आवाज साठांचा. झेलमननी कौन्सिलला तक्रारीचं पत्र लिहिलं.

"मला तोंडानं सांगायला काय झालं होतं?" इव्हाडनीबाई अनुराधाला म्हणाल्या. "मी काय परकी आहे? पत्र! टाइप केलेलं!"

त्या टाइप केलेल्या अक्षरांचा त्यांना सगळ्यांत राग आला होता. तीन आठवडे दोघं एकमेकांशी बोलली नाहीत. आणि नेमका त्यातच ज्यूंचा पेसाहचा सण आला.

गुड फ्रायडेच्या सकाळी झेलमन सुटाबुटात अनुराधाच्या दारात उभे राहिले. हातात घराची एक जादा किल्ली आणि एक कागद.

"मिसेस जोगळेकर, तुम्ही माझं कपाट विकत घ्याल का? एका पौंडाला?"

त्यांनी घाईघाईनं सांगितलं. पेसाहचे आठ दिवस आंबवलेलं, फुगलेलं काहीही ज्यू माणसाच्या मालकीचं असता कामा नये. ब्रेड, पीठ, बिस्किटं, व्हिस्कीसुद्धा. म्हणून सगळं एका कपाटात ठेवून बिगर-ज्यू माणसाला विकायचं. दरवर्षी ते इव्हाडनीबाईंना विकायचे. यंदा... इथं त्यांनी घसा खाकरला.

"पण हा खोटा व्यवहार नाही हं," ते बजावून म्हणाले. "सगळं खरोखर तुमचं. वाटेल ते करा."

अनुराधानं पौंड दिला, सही केली, किल्ली घेतली. झेलमन बहिणीकडे लीड्सला निघून गेले.

आता अनुराधा पडली सरळ बाई. खरोखर तुमचं म्हटलं म्हणजे तिच्या लेखी तुमचंच. संक्रांतीला वाण लुटतात, तशी यांच्यात कपाट लुटायची रीत असेल, असं तिनं ठरवून टाकलं. शनिवारी सकाळी पिशव्या घेऊन ती पाच नंबरात गेली आणि दहा मिनिटांत कपाट साफ. पिठाच्या शंकरपाळ्या करायला घेतल्या. व्हिस्की शशिधरनं काही न विचारता आपल्या कपाटात हलवली. तळाशी एक काचेची बरणी निघाली. तिच्यात करडं, बुडबुडे आलेलं, आंबूस वासाचं पीठ. "अगदी अंबोळीचं पीठ की हो!" ती नवऱ्याला म्हणाली. आंबलेलं पीठ फेकणारी बाई ती नव्हेच. तिनं त्यात तांदळाचं पीठ कालवलं, झकास जाळीदार अंबोळ्या घातल्या, बरणी घासूनपुसून लख्ख केली आणि गरम ताटली घेऊन सात नंबरात गेली.

इव्हाडनीबाईंनी दोन अंबोळ्या खाल्ल्या, वाहवा केली, आणि मग विचारलं, पीठ कुठलं?

अनुराधानं सांगितलं. बाईंचा घास तोंडातच राहिला.

"पोरी, तू ते *घेतलंस*? अगं, ते कुणी घेत नसतं! मी चौदा वर्षं ते कपाट विकत घेते. एक बिस्कीटसुद्धा काढलं नाही. पेसाह संपला की तो पौंड परत देतो आणि मी किल्ली परत देते."

"मग त्यांनी तसं सांगायचं ना!"

"त्याला सांगता येत नाही. परत द्या असं आधी म्हटलं तर विक्री खोटी पडते. समोरच्यानं आपणहून समजायचं असतं." त्यांनी ताटलीकडे पाहिलं. "आणि ते पीठ लोटेच्या आईचं होतं. विरजण असतं ना तुमचं, तसं. त्यावरच ब्रेड फुगतो. एकोणचाळीस साली लोटे एकटी हॅम्बर्गहून निघाली तेव्हा कोटाच्या खिशात ओल्या फडक्यात बांधून आणलेलं. आईचं दुसरं काही उरलं नाही. आईही नाही."

अनुराधा खुर्चीवर बसली ती उठेना. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं पुटपुटत ती रडायला लागली. दोन बायांनी एका आईची आठवण खोबऱ्याच्या चटणीशी खाल्ली होती.

इव्हाडनीबाईंनी तिला थोडा वेळ रडू दिलं. मग त्या आत गेल्या आणि फ्रिजच्या मागून एक बरणी घेऊन आल्या. तसंच करडं पीठ, तसेच बुडबुडे.

"लोटेनं जायच्या आधी मला यातलं अर्धं दिलं. दर रविवारी मी त्याला पीठपाणी घालते. झेलमनला माहीत नाही."

"मग द्या ना! मी कपाटात ठेवून येते!"

"मुळीच नाही. चोरून तर नाहीच. तू खरं सांगायचंस. आणि त्याला हे हवं असेल तर त्यानं आधी माझ्या दारात यायचं. पत्रानं नाही, पायांनी. तोवर यातलं अक्षर बोललीस तर बघ!"

तो आठवडा अनुराधाला अन्न गोड लागलं नाही. शशिधरनं व्हिस्की परत दिली, दोन पेग कमी. बिस्किटं नवी आणली. ती लख्ख बरणी मात्र तिनं फडक्याखाली झाकून ठेवली.

पेसाह संपल्यावर रविवारी दुपारी झेलमन आले, एका हातात पौंडाचं नाणं, दुसऱ्या हातात तिच्यासाठी मात्झाचा, म्हणजे पेसाहच्या बिनआंबवलेल्या कडक रोट्यांचा खोका. अनुराधानं दारातच सगळं सांगून टाकलं, एका दमात, रडत.

झेलमननी पौंडाचं नाणं तिच्या हातात ठेवलं. मग म्हणाले, "तुमचं होतं ते, मिसेस जोगळेकर. मीच विकलं. विकलेल्या वस्तूबद्दल माणसानं तक्रार करू नये." मग हळूच विचारलं, "चांगल्या झाल्या होत्या का?"

"फार," अनुराधा हुंदका देत म्हणाली.

"लोटेला आवडलं असतं," ते म्हणाले, आणि रिकामी बरणी घेऊन निघाले.

अनुराधा पडद्याआडून बघत राहिली. झेलमन सात नंबरच्या फाटकाशी थांबले. कडीला हात लावला. मागे फिरले. आपल्या दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा थांबले. आता जा, एकदाचे जा ना, असं ती मनात ओरडत होती. तिसऱ्यांदा ते मागे फिरले आणि त्यांनी खिशातून स्वतःच्या घराची किल्ली काढली.

तेवढ्यात सात नंबरचं दार धाडकन उघडलं. इव्हाडनीबाई एप्रनवरच बाहेर आल्या, फाटक ओलांडलं आणि पिठाची बरणी त्यांच्या छातीशी धरली.

"घे! येणार नव्हतासच तू. लोटेनं मला बजावलं होतं. म्हणाली, हा माणूस एक दिवस हे घालवून बसेल आणि मागायला लाजेल. तेव्हा त्याची वाट बघत बसू नकोस. आणि मी मूर्ख, आठवडाभर वाट बघत बसले!"

झेलमननी झाकण उघडून वास घेतला. त्यांचे डोळे भरले, ते वाहू लागले, त्यांनी पुसलेसुद्धा नाहीत. पुन्हा वास घेतला. आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"इव्हाडनी, याला कुठलं पीठ घालतेस?"

"कुठलं म्हणजे? मैदा. दुकानात मिळतो तो."

"मैदा! दोन वर्षं मैदा! अगं, रायचं आहे ते, रायचं! त्याची चव पार बिघडवलीस!"

"बिघडवली? मी नसते तर तुझ्याकडे बिघडवायला तरी काय उरलं असतं रे?"

दोघं भर रस्त्यात तारस्वरात भांडू लागली. समोरच्या घराची खिडकी उघडली, कुणाचं तरी कुत्रं भुंकायला लागलं. महिनाभराचं सगळं तुंबलेलं बोलणं एकदम बाहेर पडत होतं. पत्र, गाणी, मैदा, टाइपरायटर, सगळं. अनुराधानं डोळे पुसले आणि तिघांसाठी चहाचं आधण ठेवलं.