सहाव्या पायरीची जागा

पहिली पायरी

मी एक जुने मचाण आहे. मित्रांनो, जवळ या, पण एकदम चढू नका. आधी दोन्ही हातांनी धरून मला हलवून बघा. प्रत्येक पायरीवर टकटक करा. माझ्यावर भरवसा ठेवू नका. मीही अजून तुमच्यावर ठेवलेला नाही.

संशय हा मचाणाचा पिढीजात धंदा आहे. माझ्या डोक्यावर माणूस श्वास रोखून बसतो आणि समोरच्या झुडपात हरीण कान टवकारून उभे राहते. दोघांनाही वाटते, तिकडे कोणीतरी आहे. दोघांचेही खरे असते. त्यामुळे फांदी हलली तर वारा असेल, असे मला कधीच वाटत नाही.

मी जर्मनीत राहते, श्वार्त्सवाल्डच्या कडेच्या एका जंगलात. इथले लोक मला होखझिट्स म्हणतात. मचाण हा शब्द मला वासुदेवने दिला. तो चौथ्या पायरीवर भेटेल.

दुसरी पायरी

मला दोन मित्रांनी बांधले. गेरहार्ड आणि रोल्फ. तेव्हा दोघेही दणकट होते, आणि दोघांच्याही मिशा काळ्या होत्या. जवळच पडलेल्या स्प्रूसच्या झाडाचे त्यांनी माझे चार पाय केले. एकाने लाकूड धरायचे, दुसऱ्याने खिळा ठोकायचा. रोल्फचा हातोडा एकदा गेरहार्डच्या अंगठ्यावर पडला. गेरहार्ड म्हणाला, हरकत नाही, दुसरा आहे. मग दोघे इतके हसले की शिडीची एक बाजू वाकडी बसली. ती आजही वाकडी आहे.

म्हणजे बघा, माझा एक खांब वैतागातून आणि एक हसण्यातून आला आहे. कोणता कोणता ते मला सांगता येत नाही.

तिसरी पायरी

दर नोव्हेंबरात माझ्या पायथ्याशी शिबिर भरते. समोरच लाकडी कोठी आहे. तिथे गावातली शिकारी मंडळी चार-पाच दिवस मुक्कामाला येतात. काही जण माझ्यासारख्या मचाणांवर बंदुका घेऊन बसतात. बाकीचे नारिंगी जाकिटे घालून रांगेने जंगलातून ओरडत येतात आणि हरणे उठवतात. तुमच्याकडे त्यांना हाकारे म्हणतात. दुपारी सगळे माझ्याखालच्या बाकांवर बसून सूप पितात. एरवी गावात एकमेकांशी कुंपणावरून भांडणारे इथे एकाच टोपलीतला पाव तोडतात.

मला हे सगळे गोड वाटत असेल, असे तुम्हाला वाटेल. मला ते जरा संशयास्पदच वाटायचे. बंदुका भिंतीला टेकवून माणसे इतकी प्रेमाने कशी बोलतात?

चौथी पायरी

वासुदेव झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात इंजिनिअर आहे. गाडीचे दरवाजे मोडेपर्यंत उघडायचे आणि मिटायचे, अशी यंत्रे तो चालवतो. गेरहार्ड निवृत्त होईपर्यंत त्याच विभागात होता. त्याने वासुदेवला एकदा शिबिराला बोलावले. वासुदेव शाकाहारी. त्याने आधी तीनदा नाही म्हटले. चौथ्यांदा नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून आला.

रोल्फला तो पहिल्या दिवसापासून खुपला. गवत खाणारा माणूस शिकारीच्या शिबिरात कशाला, असे तो सगळ्यांदेखत विचारायचा. वासुदेवच्या डब्यातल्या लसणाच्या चटणीकडे तो असे बघे, जणू तिच्यातून धूर निघतोय. हिच्या वासाने हरणे फ्रान्सला पळतील, असे म्हणे.

त्या दुपारी एक हरीण पडले होते. गेरहार्डने टोपी काढली, स्प्रूसची हिरवी डहाळी मोडली आणि हरणाच्या तोंडात ठेवली. याला इथे शेवटचा घास म्हणतात. सगळे गप्प उभे राहिले. वासुदेवनेही लोकरी टोपी काढली. मग तो माझ्यावर चढून बसला, कारण फोनला रेंज इथेच येते, आणि बायकोशी, मीनलशी, बोलला.

"अगं, आपल्याकडे तुळशीपत्र ठेवतात ना, तसंच केलं त्यांनी," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, ओरडतील, नाचतील. कोणी काही बोललंच नाही."

मीनल काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. पण तो हसला आणि म्हणाला, "नाही गं, खात नाहीये. नुसता ओरडत चालतोय."

पुढच्या वर्षी तो न बोलावता आला. त्यानंतर दर वर्षी. माझ्या फळीवर तो आणि गेरहार्ड तासन्‌तास बसत, बंदुकीशिवाय, नुसती हरणे बघत. कारखान्यात हा माणूस माझ्याशी इतका कधी बोलला नाही, असे वासुदेव मीनलला सांगे. आणि इथे तरी कुठे बोलतो, हेही सांगे. माझे मराठी असे या फोनांवर वाढले.

पाचवी पायरी

आता सांभाळून. इथून पुढे लाकूड कुजके आहे.

गेल्या नोव्हेंबरात सकाळी दाट धुके होते. रोल्फ आणि गेरहार्ड माझ्यावर शेजारी शेजारी बसले होते. धुक्यात काहीतरी हलले. रोल्फने बंदूक उचलली. तेवढ्यात गेरहार्डचा हात नळीवर पडला आणि नळी खाली गेली. रोल्फने त्याच्याकडे पाहिले. गेरहार्ड खोकला आणि म्हणाला, "मादी आहे, पिल्लू आहे बरोबर." थोड्या वेळाने त्याच दिशेने हो हो करत माणूस आला. तो वासुदेव होता. धुक्यात नारिंगी जाकीटसुद्धा राखाडी दिसत होते.

मी काय समजले, सांगू? रोल्फला तो माणूस पहिल्यापासून नको होता. मी समजले की त्याने जाणूनबुजून नेम धरला. वर्षभर माझ्या लाकडात ही गोष्ट किड्यासारखी फिरत राहिली.

यंदा शिबिराच्या आदल्या दिवशी भर दुपारी गेरहार्ड एकटाच आला. त्याच्या हातात करवत होती. त्याने माझ्या खांबावर थाप मारली, जशी म्हाताऱ्या घोड्याला मारतात. मग एक पायरी दोन्ही बाजूंनी कापली, काखेत घातली आणि निघून गेला. मागे वळून पाहिलेसुद्धा नाही.

ज्याने मला बांधले, त्यानेच. म्हणजे आता दोन मित्रांचे वैर झाले, असे मी ठरवून टाकले. एकाने धुक्यात नेम धरायचा आणि दुसऱ्याने शिडी कापायची. मला ओरडायचे होते. पण लाकूड फक्त करकरते, आणि तेही कोणी चढले तरच.

सहावी पायरी

 

(इथे पायरी नाही. पाय लांब टाका.)

सातवी पायरी

यंदा वासुदेवबरोबर त्याचे सासरे आले होते. चंद्रशेखर. हे निवृत्त वनाधिकारी. त्यांच्या नोकरीची सगळी वर्षे चंद्रपूरकडच्या जंगलात गेली, चोरट्या शिकाऱ्यांच्या मागे. लेकीकडे जर्मनीला आले आणि जावई शिकाऱ्यांच्या शिबिराला जातो हे कळल्यावर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, मी येतो, बघतो काय प्रकार आहे.

माझ्यासारखाच हा माणूस! आल्या आल्या त्यांनी प्रत्येक बंदुकीकडे चोराकडे बघावे तसे पाहिले. गेरहार्डला विचारले की यंदा किती मारायची परवानगी आहे, आणि ती कोणी दिली. वासुदेव शरमत भाषांतर करत होता. गेरहार्ड मात्र खूश झाला. इतक्या वर्षांत कुठल्याच पाहुण्याने हे विचारले नव्हते. मग दोघे म्हातारे लेंड्या आणि खुरांचे ठसे बघत हिंडले. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता. एक बोटाने दाखवी, दुसरा मान हलवी.

दुपारी सूप वाढले जात होते, तेव्हा रोल्फ माझ्याकडे आला. त्याला फळीवर आपली उशी ठेवायची होती. न वाकणारा गुडघा ओढत पाच पायऱ्या चढला. सहावीसाठी पाय उचलला आणि पायाखाली काहीच लागले नाही. तो खांबाला लटकला, कसाबसा उतरला आणि बाकांकडे वळला. चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला होता.

कोणीतरी मला मारायला बघतंय, तो म्हणाला. मग त्याने कोणीतरी हा शब्द सोडून दिला आणि वासुदेवकडे बोट केले. शिकार याला आवडत नाही. मांस हा खात नाही. दर वर्षी येऊन आपल्यात बसतो, कशासाठी? आल्झो, म्हणजे असं तर, आता कळलं कशासाठी. पोलिसांना बोलवा. निदान याला तरी घालवा.

बाकांवरचे चमचे थांबले. सकाळीच ज्यांनी वासुदेवला मिठी मारली होती, त्यातल्या दोघांनी मान खाली घातली. मित्रांनो, संशय असा पसरतो. त्याला पाय लागत नाहीत. वासुदेवने गेरहार्डकडे पाहिले. त्याला फक्त एक वाक्य हवे होते. गेरहार्ड आपल्या वाडग्यात बघत राहिला.

वासुदेव उठला.

"काय म्हणतोय तो?" चंद्रशेखरांनी विचारले.

"काही नाही, बाबा. चला, निघू या आपण."

"काही नाही म्हणता म्हणजे बरंच काही आहे. तुमचा चेहरा बघा, वासुदेवराव."

मग वासुदेवने सांगितले.  झब्ब्यावर चढवलेले जाडजूड जाकीट चंद्रशेखरांनी काढले, जावयाच्या हातात दिले आणि माझ्याकडे आले.

आठवी पायरी

त्यांनी आधी मला हलवले. मग प्रत्येक पायरीवर टकटक केली. इतक्या वर्षांत मला नीट ओळखणारा हा पहिला माणूस.

पाचव्या पायरीवर थांबून त्यांनी कापलेल्या टोकांवर अंगठा फिरवला. मग पाय लांब टाकून सातवी गाठली, वर फळीवर जाऊन आले आणि उतरले. बाकांसमोर उभे राहिले.

"भाषांतर करा," ते वासुदेवला म्हणाले. "एक शब्द गाळू नका. मी जन्मभर चोरट्यांची मचाणं उतरवली. माझ्या एका गार्डला त्यांनी पाडलं होतं, म्हणून मला माहीत आहे. ज्याला माणूस पाडायचा असतो, तो पायरी अर्धी कापतो आणि वरून माती फासतो. पाय ठेवायला जागा आहे असं वाटलं, तर माणूस पडतो. इथे जागाच काढून नेली आहे."

वासुदेव वाक्यावाक्याने जर्मनमध्ये सांगत होता.

"मी वर जाऊन आलो. तुम्हीही जाल. गुडघा वाकत नाही असा इथे एकच माणूस आहे, तेवढाच वर जाऊ शकणार नाही. पायरी कापणाऱ्याला त्याला पाडायचं नव्हतं. चढू द्यायचं नव्हतं. हा वैरी नाही. घरचा माणूस आहे."

शेवटच्या वाक्याशी वासुदेवचा आवाज मंदावला. ते बोलता बोलताच त्याला कळले होते. त्याने गेरहार्डकडे पाहिले नाही. मुद्दाम दुसरीकडे, जंगलाकडे पाहत उभा राहिला.

गेरहार्डने चमचा खाली ठेवला.

"गेनाऊ," तो म्हणाला. अगदी तसंच.

मग तो रोल्फकडे वळला.

"मी कापली, रोल्फ. गेल्या वर्षी धुक्यात तू बंदूक उचललीस ना, ती मादी नव्हती."

"मग काय होतं?"

गेरहार्डने हनुवटीने वासुदेवकडे खूण केली.

तो आपण होतो, हे वासुदेवलाही आत्ताच कळत होते. तो खाली बसला. रोल्फ उभाच राहिला. त्याने आपल्या हातांकडे पाहिले, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत.

"मला सांगायचं होतंस," तो शेवटी म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू पुन्हा शिबिराला आलाच नसतास."

"नसतो आलो."

"जा," गेरहार्ड म्हणाला. इथे जा म्हणजे हो. "म्हणून कापली. शिडी नाही तर खाली बसशील, सूप पिशील, मला शिव्या देशील. एवढंच हवं होतं मला. पण तू त्याचं नाव घेतलंस आणि मी गप्प बसलो. वासुदेव, ते चुकलं माझं."

रोल्फने खिशातून काडतुसे काढली आणि एकेक करून टेबलावर ठेवली. मग तो वासुदेवसमोर आला. माफी मागणे त्याला जमत नव्हते. 

"उद्या मी हाकाऱ्यांत चालतो," तो म्हणाला. "तू माझ्या डाव्या हाताला राहा. तिकडच्या डोळ्याने मला काहीच दिसत नाही."

वासुदेव लगेच हो म्हणाला नाही. म्हणायला हवे होते असे मलाही वाटत नाही. त्याने सासऱ्यांच्या खांद्यावर जाकीट घातले, आपले थंड झालेले सूप उचलले आणि पुन्हा बाकावर बसला. मग शेजारची जागा हाताने पुसली.

दुसऱ्या दिवशी ते तिघे रांगेत चालत आले. मधे रोल्फ, डावीकडे वासुदेव, उजवीकडे चंद्रशेखर. चंद्रशेखर मराठीत असे काही ओरडत होते की त्यांना भिऊन हरणे खरेच फ्रान्सला गेली असतील. त्या दिवशी एकही पडले नाही. कोणी कुरकुर केली नाही.

शेवटची पायरी

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की शेवटी एकच मागणे मागतात: आम्हाला दुरुस्त करा, रंग द्या, फेकू नका. माझी विनंती उलटी आहे.

परवा कोठीत आलेल्या एका तरुणाने माझ्याकडे पाहून तोंडाने चुकचुक केली. किती हलगर्जी लोक, म्हणाला, साधी एक पायरी बसवता येत नाही. तो नवी घेऊन येणार आहे. तुमच्यापैकी कोणी आधी पोहोचलात, तर त्याला थांबवा. माझे खिळे घट्ट करा. पाय कुजले असतील तर टेकू द्या. दर वर्षी टकटक करून बघा, कारण मी लाकूड आहे आणि लाकूड दगा देते. पण सहावी पायरी बसवू नका. माझ्या अंगावर सगळ्यात जास्त निगा तिथेच राखली गेली आहे.

मी एका चांगल्या माणसाला वर्षभर खुनी समजत उभे होते, आणि दुसऱ्याला एक दिवस. माझे डोळे शाबूत होते आणि मी सगळे पाहिले होते. तुम्ही कधी चढायला गेलात आणि पायाखाली जागा लागली नाही, तर घाबरा, खांब घट्ट धरा, खाली उतरा. मग बोट कोणाकडे करण्याआधी एकदा बघा, पायरी अर्धी कापली आहे की पूर्ण.