भिंतीवरची पायरी

मित्रांनो, मी एक जुनी पायरी आहे. कल्याणातल्या एका शाळेच्या दारात माझं सगळं आयुष्य गेलं. आता मला भिंतीवर चढवलं आहे. पायरीचं भिंतीवर काय काम, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मी घाव सोसले आणि पायरी झाले. गावानं वर्गणी काढून शाळा बांधली, माझ्यावर हळदकुंकू वाहिलं आणि मुलं मला तुडवत आत जाऊ लागली. एक गुणाजी तेवढा आत जात नसे. त्या काळी त्याच्या जातीच्या मुलांना वर्गात घेत नसत. तो माझ्यावर उजवीकडे बसून धडे ऐके आणि पाटीवरची पेन्सिल माझ्या कडेला घासून तिला टोक काढी. घासून घासून तिथे बोटभर खाच पडली. तीच माझी कमाई, बाकी मी नुसता दगड.

गेल्या वर्षी शाळा पाडायची ठरली. नव्या इमारतीचा आराखडा क्षिप्रा मॅडमनी काढला. बाई हुशार, जुन्याचा फार कळवळा असलेल्या. गुणाजीचे थोरले चिरंजीव बाबुराव, आता पंचाहत्तरीचे, आंबिवलीहून मुद्दाम त्यांना भेटायला आले.

"मॅडम, बाकी काय पाडायचं ते पाडा, पायरी तेवढी ठेवा. माझे वडील इथे बसून शिकले. नातीला ही खाच दाखवायचीय."

"काका, टेन्शन घेऊ नका. ही पायरी तर आमच्या डिझाइनचा मेन फोकस आहे."

शब्द पाळला हो त्यांनी. काचेच्या इमारतीत शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीत मला बसवलं. पण माझी झिजलेली बाजू त्यांना बरी दिसेना. म्हणून ती खाचेसकट सिमेंटमध्ये गाडली, उलटी बाजू घासून आरशासारखी केली आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं ठोकली: 'सर्वांसाठी खुली ज्ञानाची पायरी'. भिंतीकडे तोंड करून उभं राहायची शिक्षा या शाळेत खोडकर पोरांना होत असे. माझा गुन्हा काय, तो अजून मला कुणी सांगितलेला नाही.

जूनमध्ये बाबुराव नातीला, दर्शनाला, पहिलीत घालायला घेऊन आले. माझ्या कडेवरून हात फिरवत खाच शोधू लागले. तोच वॉचमन धावत आला.

"काका, हात नका लावू. डाग पडतात."

बाबुरावांनी हात मागे घेतला. दर्शना मान वर करून माझ्याकडे पाहत होती.

"आजोबा, पणजोबा एवढ्या उंच कसे बसायचे?"

बाबुराव तिचा हात धरून आत गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मी सांगणार नाही. असं जपण्यापेक्षा तुमचं तुडवणं बरं होतं. मला खाली उतरवा, सुलटी करा, दारात ठेवा आणि खुशाल माझ्यावर बसा. उजवीकडची जागा तेवढी दर्शनाला द्या.