बिरोबाच्या एडक्याला तूप

काशाप्पाच्या घरात आधी एडका जेवायचा, मग माणसं. त्याची बायको बाणूबाई मागं दवाखान्यात अगदी जायलाच टेकली होती, तेव्हा त्यानं हा एडका बिरोबाच्या नावानं सोडला आणि बाई उठून बसली. तेव्हापासून एडक्याला काठी लावायची नाही, उपाशी ठेवायचं तर नावच नको. "त्येचा अन् माझा जीव एकाच खुंटीला हाय," असं बाणूबाई म्हणायची. लोक हसायचे. काशाप्पा हसायचा नाही.

आळंदच्या बाजाराला न्यायची ज्वारी मेंढरांनी एका दुपारी फस्त केली. दुसऱ्या दिवशी कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू मरून पडलं. एडक्यानंही त्याच ढिगात तोंड घातलेलं, आता तो मान टाकून उभा. जनावरांचा डॉक्टर संध्याकाळपर्यंत यायचा नव्हता. मग काशाप्पानं कलबुर्गीला जंतूंचं शास्त्र शिकणाऱ्या पोरीला, भाग्यलक्ष्मीला, फोन लावला.

"अप्पा, दाणा जास्ती झाला की आतड्यातले जंतू माजतेत, विष सोडतेत. विष पेशीच्या पडद्याला भोकं पाडतंय. त्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतंय, चरबीसारखं. त्येच्याच आधारानं ते बसतंय."

"म्हंजे चरबीनंच घात केला. म्हणून गुबगुबीत आधी गेलं."

"न्हाई ओ. वाळक्या मेंढराच्या पडद्यात बी असतंय. त्येच्याबिगर पडदा उभाच ऱ्हात न्हाई."

"ज्याच्यावर घर उभं, तेच चोराला दार उघडतंय व्हय? ह्ये कसलं गं शास्त्र?"

पोरीला शिकवायची हौस दांडगी. "आमच्या कॉलेजात ह्याच्याच भाऊबंदातल्या एका विषात आधीच कोलेस्टेरॉल कालवलं. विष तिथंच गुंतलं, पेशीला भोक पडलंच न्हाई. पर ते काचेच्या नळीतलं, अप्पा. तुम्ही दाणा बंद करा, डॉक्टर येईस्तोवर काय बी चारू नका."

फोन ठेवला आणि काशाप्पाचं डोकं गरगरायला लागलं. पडद्यात चरबी असली तर विष चिकटतंय, विषात चरबी कालवली तर चिकटत नाही. मग चरबी वैरी का सोयरी? आणि देवाचा एडका उपाशी ठेवायचा? बाणूबाई दारात उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिला काय सांगावं? माणसाला दोन गोष्टी सांगितल्या की सोयीची तेवढी ध्यानात राहते. त्यानं भाकरी कुस्करली, तुपात भिजवली आणि मूठमूठ एडक्याला चारली. विष आतच गुंतून पडेल, एवढीच त्याची आशा.

डॉक्टर आले तेव्हा एडका थंड पडला होता. तुपाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "पोटातलं तूप विषाला आवरतंय होय, काका? पण तुपानं गेला का ज्वारीनंच जाणार होता, ते मलाही सांगता यायचं नाही." उरलेल्या मेंढरांना लस टोचून, दाणा बंद करायला सांगून ते गेले.

बाणूबाई रडली नाही. ठेवणीतलं लुगडं नेसली आणि घोंगडीवर आडवी झाली. ती कशाची वाट बघायलीय हे काशाप्पाला कळलं. तिचं मनगट धरून तो बसून राहिला. दिवस मावळला, मेंढरं ओरडायला लागली, तरी सोडलं नाही.

शेवटी तीच उठून बसली, भांबावलेली.

"अवो, त्यो गेला. मग मी कशी काय ऱ्हायले?"

काशाप्पानं लई आठवून बघितलं. पडदा, भोक, चरबी, बिरोबा, सगळं एकात एक अडकलेलं.

"मला न्हाई कळालं," तो म्हणाला. "पर ऱ्हा."