ओलं फडकं

उदयन पोवारने गाडीचा फोटो काढला की गाडीचा वेग फोटोत जायचा आणि गाडी होती तिथेच थांबायची. इंजिन चालू असायचं, ड्रायव्हरचा पाय अॅक्सिलरेटरवर असायचा, पण गाडी तसूभर हलायची नाही. जाहिरातवाल्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना फोटो हवा असे, आणि तो असा यायचा की टेबलावर ठेवला तर शेजारचे कागद उडायचे. मग भिंगावर ओलं फडकं टाकायचं, की वेग ज्याचा त्याला परत मिळायचा.

फडक्याचा उपाय दस्तगीरमामांचा. कोल्हापूरबाहेर माळावर रेसचा ट्रॅक आहे, तिथले ते जुने मेकॅनिक. उदयनला स्टीअरिंग धरायला त्यांनीच शिकवलेलं. तो गॅरेजमध्ये कॅमेरा घेऊन आला की ते बादलीतलं फडकं पिळून आधी भिंगावर टाकत आणि मगच म्हणत, "बस आता."

उमेदीची वर्षं उदयनने दुसऱ्यांच्या गाड्या देखण्या करण्यात घालवली होती. उरलेल्या वेळात तो स्वतःची गाडी पळवायचा. फोटोवाले म्हणत, हा रेसर आहे. रेसर म्हणत, हा फोटोवाला आहे. दोघंही हसून म्हणत आणि ते हसणं त्याच्या जिव्हारी लागे. पहिल्या तिघांत तो कधी आला नव्हता.

एका टायर कंपनीच्या कामतांनी त्याला बोलावलं. "आमच्या रेसिंग टीममध्ये ड्रायव्हरची एक सीट आहे," ते म्हणाले. "रविवारची रेस जिंका आणि गाडीतूनच तिची फिल्म करून आणा. दोन्ही जमलं तर सीट तुमची. नाहीतर आहेतच की आपले फोटो."

अशी सीट पुन्हा चालून येणार नव्हती. उदयनने गाडीच्या नाकावर कॅमेरा बसवला, तोंड रस्त्याकडे करून.

रविवारी दस्तगीरमामा गाडीभोवती एक फेरी मारून आले. "काढ त्यो."

"मामा, तोंड बाहेर आहे त्याचं. आपल्या गाडीला काही होत नाही."

"आपली गाडी सोडून जगात दुसरं कोण न्हाई व्हय?"

"एकदा जिंकू दे मला. मग तुम्हीच फडकं टाका."

 मामांनी त्याचे पट्टे आवळले, नेहमीपेक्षा जरा जास्तच, आणि ट्रॅकलगतच्या पिटमध्ये, गाड्या दुरुस्त करायच्या जागी, बादलीकडे गेले.

सुटताना उदयन सगळ्यांच्या मागे होता. पहिल्या वळणावर पुढची गाडी थांबली, मग तिच्या पुढची. फिल्म चालू असताना कॅमेरा ज्याच्याकडे बघेल ते तेवढ्यापुरतं थांबत होतं आणि त्याचा वेग कॅमेऱ्यात, म्हणजे उदयनच्या गाडीत येत होता. एकेकाला मागे टाकत तो पुढे गेला. त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. गॅलरीतली माणसं टाळीला हात उचललेल्या अवस्थेत थांबली. कामत चहाचा कप ओठांपाशी धरून थांबले. झेंडेवाल्याने झेंडा अर्धा उचलला होता, तो तसाच राहिला.

रेस एकाच फेरीची होती, पण झेंडा पडल्याशिवाय ती संपत नाही. उदयन न थांबता पुढच्या फेरीला लागला.

दुसऱ्या फेरीत त्याने ब्रेक दाबला. ब्रेक लागला, पण तो त्याच्या एकट्याच्या वेगाला लागला. बाकी सगळ्यांचा वेग ब्रेकला जुमानेना. पट्टे सोडायला गेला तर ते सुटेनात. तिसऱ्या फेरीत ट्रॅक अरुंद झाला होता. थांबलेल्या गाड्या प्रत्येक फेरीला थोड्या जवळ आलेल्या दिसत आणि भिंतही आत सरकलेली असे. हवेत धूळ लटकत होती आणि तिच्यातून त्याच्या गाडीपुरतं भोक पडत होतं. तो पहिला होता आणि ते बघायला कोणी नव्हतं. आयुष्यभर हेच तर मागितलं होतं, असं त्याच्या मनात आलं आणि तोंड कडू झालं.

"मामा," तो हेल्मेटमध्ये म्हणाला. "चुकलं माझं. टाका फडकं."

मामांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. पण गाडी ट्रॅकच्या पलीकडे गेली की तेवढा वेळ कॅमेऱ्याची पाठ पिटकडे असायची, आणि त्या वेळात पिटमधल्यांना हलता येत होतं. पुढच्या फेरीला मामा पिटच्या भिंतीवर चढलेले दिसले. त्याच्या पुढच्या फेरीला भिंत उतरून ट्रॅकवर आलेले, एक पाय उचललेला. झेंडेवाला मात्र गाडी रेषेवर यायची वाट बघायचा आणि ती आली की थांबायचा, त्यामुळे झेंडा अजून तेवढाच वर होता.

उदयन शेवटच्या वळणातून सरळ रस्त्याला लागला. डावीकडे गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, उजवीकडे भिंत. मधे एका गाडीपुरती वाट होती आणि तिच्यात दस्तगीरमामा उभे होते. कॅमेऱ्याच्या बरोबर उंचीला यावं म्हणून कमरेत वाकलेले, दोन्ही हात पुढे केलेले. हातांत फडकं होतं. त्यातून पाण्याचा एक थेंब सुटला होता आणि तो खाली पडत नव्हता.