डोंगा आणि झील

दीप्तीचं गाणं शिकवायचं ॲप फार गुणी होतं, म्हणूनच ते कोणाला नको होतं. फोनसमोर बसून सूर लावायचा, चुकला की ॲप अदबीने सांगणार, "पुन्हा प्रयत्न करा." मुलं दोन दिवस प्रयत्न करायची, तिसऱ्या दिवशी क्रिकेटला पळायची. नागपूरच्या कंपनीने शेवटी निरोप धाडला: महिनाअखेर याचा खेळ करून दाखवा, नाहीतर गुंडाळा. चार वर्षांचं काम गुंडाळा म्हणायला यांच्या बापाचं काय जातं!

दीप्ती नागपूरकडच्याच गोरेगावजवळच्या आपल्या गावात, घरूनच काम करायची. तिने खेळ केला. पडद्यावर तलाव काढला, त्यात एक डोंगा, म्हणजे छोटी होडी, सोडला. सूर बरोबर लागला की डोंगा पुढे, चुकला की आत पाणी. तीन चुका झाल्या की डोंगा बुडाला. गावच्या बुद्धविहारात जमणारी पोरं त्यावर तुटून पडली. पण खेळ सूर बरोबर ओळखतो की नाही, हे पोरं काय सांगणार? त्याला पक्का गळा हवा होता, आणि तो घरातच होता.

देवाजी, तिचे वडील, तीस वर्षं दंडारीत, गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, पुढे उभे राहून गायले. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत त्यांना ऐकायला चार गावं जमायची. त्यांचा धाकटा भाऊ मनिराम मागे उभा राहून झील धरायचा, म्हणजे साथीला गायचा. गेल्या वर्षी मनिराम गेला आणि देवाजींनी गाणंच टाकलं. कोणी आग्रह केला तर "आता नाई जमत," एवढंच म्हणायचे. खेळाच्या निमित्ताने तरी बाबा गातील, ही दीप्तीची खरी आशा होती. कंपनी मागाहून.

"कायले म्हाताऱ्याले खेळवून राहिली?" देवाजी म्हणाले. पण लेक मान मोडून काम करते, हे ते रोज पाहत होते. त्यांनी फोन समोर ठेवून घेतला, खाकरले आणि दंडारीतली एक जुनी ओळ उचलली.

आवाज जसाच्या तसा होता. दीप्तीच्या अंगावर काटा आला. डोंगा सरसर निघाला आणि ओळीच्या टोकाला त्यात पाणी शिरलं. दुसऱ्या ओळीलाही तेच. तिसऱ्या ओळीला डोंगा तळाला गेला आणि रडका बाजा वाजला. तो दीप्तीनेच मोठ्या हौसेने घातला होता.

देवाजींनी फोन बाजूला सरकवला. "पाहा, मी म्हनतच होतो. गेला माहा आवाज."

"नाई गेला बाबा!" ती घाईघाईने नोंदी तपासू लागली. सगळे सूर नेमके लागले होते. फक्त प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन सूर नव्हतेच. तिथे नुसती शांतता होती. "तुमी ओळ अर्धी सोडून राहिले. शेवटपर्यंत म्हना, बस. डोंगा काठाले लागते."

त्यांनी फोन पुन्हा समोर ओढला. "तुह्या कंपनीले तसंच पायजे का?"

"हो बाबा."

देवाजींनी डोळे मिटले आणि तिन्ही ओळी टोकापर्यंत म्हटल्या. डोंगा काठाला लागला, टाळ्या वाजल्या, पडदाभर तारे उधळले. दीप्ती आनंदाने ओरडलीच. वळून पाहते तर बाबा रडत होते.

"बाबा, काऊन?"

"पुढं गानारा ओळ पुरी करत नाई, बाई. शेवट मागच्याचा राह्यते, तो त्यानंच उचलाचा. तीस वर्सं मनिरामनं उचलला." त्यांनी दुपट्ट्याने डोळे पुसले. "तो गेला तरी त्याची जागा मी ठेवली होती. आज तुह्यासाठी ते बी मीच खाल्ली."

दीप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणापासून ती दंडार पाहत आली, पण ओळ कुठे सुटते आणि कोण उचलतो, याकडे तिने कधी लक्ष दिलं नव्हतं. आणि ही निघाली होती जगाला गाणं शिकवायला! काकासाठी राखलेल्या जागेला तिचा खेळ चूक म्हणाला होता.

चार दिवसांत तिने खेळ मोडून पुन्हा बांधला. आता डोंग्यात दोघं बसायचे. एकाने ओळ सोडायची, दुसऱ्याने उचलायची. दुसरा आला नाही तरी डोंगा बुडत नसे, पाण्यावर उभा राही. कंपनीने कळवलं, असा ताटकळत कोण खेळणार? दहा सेकंदांचं घड्याळ लावा. दीप्तीने घड्याळ लावायला साफ नकार दिला. कंपनीने खेळ गुंडाळला. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी देवाजी ओसरीत बसले होते. दीप्ती आली आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"म्हना बाबा."

"कोनासाठी म्हनू? मांगं कोन हाय?"

"मी आहो ना."

त्यांच्या दंडारीत बाईमाणसाने कधी झील धरली नव्हती. देवाजींनी खांद्यावरचा दुपट्टा नीट केला. मग त्यांनी ओळ उचलली, चढवली आणि टोकाशी आणून सोडली. दीप्तीने ती उचलली. आवाज कापला, सूर थोडा उतरला, पण तिने ओळ पुरी केली.

देवाजींनी मागे वळून पाहिलं नाही.

"मनिरामसारखी नाई आली," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरी ओळ सुरू केली.