काउंटरवरच्या फोनला माहीत होते

काउंटरची काच गुळगुळीत असली की संदेश आल्यावर मी जागचा हलतो. दर थरथरीला साधारण अर्धा मिलिमीटर, आणि नेहमी उताराच्या बाजूला. एकदोन संदेशांनी काही कळत नाही. पण त्या दिवसांत मला सकाळी काउंटरच्या मध्यावर ठेवले की दुपारपर्यंत मी पार कडेला आलेलो असे. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता मला बोटाने मागे ढकलत. त्यांचे बोट गार असे.

मित्रांनो, मी प्राण्यांच्या एका दवाखान्यातला जुना फोन आहे. कारखान्यात माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत गेले. कोण कुठे पोचले, मला ठाऊक नाही. मला डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उघडला त्या आठवड्यात घेतले. सशाच्या पिलांचे पहिले फोटो मी काढले. रात्री-अपरात्री कोणाचे कुत्रे हगवणीने बेजार झाले की पहिला मी ओरडत असे. एका पोपटाने माझ्या कव्हरचा कोपरा कुरतडला, तेव्हा बाई हसून म्हणाल्या होत्या, "याला काही करू नका हं, हा माझा तिसरा हात आहे."

पुढे माझी बॅटरी थकली. बाईंनी नवा फोन घेतला आणि मी काउंटरवर आलो, कायम चार्जरच्या दाव्याला बांधलेला. काउंटरवर बाईंची आई बसे. येणाऱ्यांच्या वेळा ठरवायच्या आणि इंटरनेटवरच्या दवाखान्याच्या पानावर लोक काय लिहितात ते पाहायचे, एवढे आमच्या दोघांचे काम. पाहता पाहता मी आईंचाच झालो.

मग जवळच दुकान असलेल्या शिंपीकाकांची मांजर गेली. तिचे नाव सुई. म्हातारी झाली होती, मूत्रपिंडे निकामी झाली होती. बाईंनी सलाइन लावले, पण ती वाचली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी आमच्या पानावर लिहिले, "डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुईला पुरेसा वेळ दिला नाही." खाली स्वतःचे पूर्ण नाव, दुकानाचा पत्ता आणि फोटो.

"दुःखात आहेत ते," बाई म्हणाल्या. "मी जाऊन भेटते आणि नीट समजावून सांगते."

पण जाणे राहून गेले. तेवढ्यात दोघातिघांनी ठरलेल्या वेळा रद्द केल्या. बाकावर कोणी दिसेना. आई रिकाम्या बाकाकडे बघत राहिल्या, मग त्यांनी मला उचलले आणि 'निष्पक्ष' असे नाव घेतले. त्या नावाने लिहिले, "हा शिंपी मांजरीला उपाशी ठेवतो. दुकानात कोंडतो. मी स्वतः पाहिलं आहे."

त्यांनी काहीही पाहिले नव्हते. मांजर हाडकुळी होती, तेवढेच काय ते.

थोड्या वेळाने त्या 'प्राणिप्रेमी' झाल्या आणि लिहिले, "निष्पक्ष यांच्याशी शंभर टक्के सहमत." मग 'शेजारी' झाल्या आणि दोघांचेही आभार मानले. पुढे तिन्ही नावांनी तेच पुन्हा पुन्हा लिहीत राहिल्या, "शिंपी उपाशी ठेवतो, मी स्वतः पाहिलं." इथवर मला हसू येत होते. काउंटरवर एकटी बसलेली बाई, आणि माझ्या काचेवर भरलेली सभा!

मग सभेत खरी माणसे शिरली. त्यांना आई ओळखत नव्हत्या आणि ती आईंना ओळखत नव्हती. कोणी दुकानाचा फोटो टाकला. कोणी काका शटर कधी उघडतात ते लिहिले. 'असल्याला धडा शिकवा' असे कोणी म्हटले आणि त्याखाली वर केलेल्या अंगठ्यांची रांग लागली. मी सारखा थरथरत होतो, तापत होतो. एका सकाळी काकांच्या शटरवर लाल रंग फेकलेला फोटो आला. आईंनी तो पाहिला आणि मला पालथे घातले.

पालथा असतानाच मी वाजलो. आईंनी उचलले. पलीकडे आधी नुसता श्वास ऐकू आला.

"दवाखाना ना? मी शिंपी बोलतोय. डॉक्टरीणबाईंना द्या ना जरा. लोक येऊन शिवायला दिलेलं कापड परत नेतायत. मी सुईला कधी उपाशी ठेवलं हो? त्यांना माहितीये, त्यांनी एकदा सांगितलं तर..."

"राँग नंबर," आई म्हणाल्या आणि मला खाली ठेवले.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण एखादा शब्द लिहिला की पुढचा कोणता येईल ते मी सुचवतो. जे माझ्यावर वारंवार लिहिले जाते, तेच सुचवतो. त्या संध्याकाळी बाईंनी काकांना दवाखान्याच्या नंबरावरून चार ओळी लिहायला मला हातात घेतले. 'शिंपी' एवढेच लिहिले. मी सवयीने पुढे 'उपाशी' सुचवले. बाई थांबल्या. त्यांनी तो शब्द दाबला. मी 'ठेवतो' सुचवले. मग 'मी', मग 'स्वतः', मग 'पाहिलं'.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "निष्पक्ष तू आहेस?"

"मग काय करू? तुझा दवाखाना बुडताना बघत बसू?"

"अगं, त्यांच्या दारावर रंग फेकलाय!"

"तो काय मी फेकला? मी बाई या काउंटरवरून तरी हलले का?" आईंचा आवाज चिरकला. "आणि आता सांगून काय होणार? तो रंग उद्या आपल्या दारावर येईल. मला भीती वाटते गं."

बाईंनी आईंचे लिखाण पुसले. पण तोवर त्याचे फोटो काढून लोकांनी सगळीकडे पाठवले होते. 'ते खोटे लिहिणारे आम्हीच होतो' असे पानावर लिहायला बाई रोज बसत आणि दोन ओळी लिहून पुसत. दवाखान्याचा बाक पुन्हा भरू लागला होता. येणारे म्हणत, "बरं झालं, त्या शिंप्याचं पितळ उघडं पडलं." बाई मान खाली घालून मांजरांचे कान तपासत.

नाव झाकून लिहिणे वाईटच, असे मी म्हणत नाही. एका मुलीने माझ्यावर नाव न सांगता कळवले होते की घरमालक कुत्र्याला तारेने मारतो. तिने नाव सांगितले असते तर तिचे घर गेले असते. तो कुत्रा वाचला. तिने भीतीपोटी नाव झाकले, पण लिहिले ते पाहिलेले. तुमच्या हातात माझा एखादा भाऊ असेल. त्याच्यावर कोणाबद्दल लिहिताना तो माणूस समोरच्या खुर्चीत बसला आहे असे धरा आणि मगच बोट टेकवा. आम्हाला थांबता येत नाही. तुम्हाला येते.

मग एके दिवशी पानावर संदेश आला, "आत्ता सगळे शिंप्याच्या दुकानासमोर जमा."

बाईंनी मला चार्जरवरून ओढून काढले आणि चालू लागल्या. मागून आई चपला अडकवत धावल्या.

दुकानाचे शटर अर्धे खाली होते. खालच्या फटीतून काकांची पावले दिसत होती, जागच्या जागी उभी. बाहेर दहाबारा जण होते. एकजण शटरवर थापा मारत होता.

"बाहेर ये की! मांजरीवर मर्दुमकी दाखवतोस?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी विचारले.

तो वळला आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे, डॉक्टर मॅडम! तुमच्याच बाजूने आलोय आम्ही. सगळेच म्हणतायत, हा उपाशी ठेवायचा."

आईंनी बाईंची बाही धरली. "घरी चल," त्या पुटपुटल्या. "तुझ्या पाया पडते, घरी चल."

बाईंच्या मुठीत मी घामाने ओला झालो होतो. शटरखालची पावले एक पाऊल मागे गेली.

"सगळे नाही म्हणत," बाई म्हणाल्या. आवाज कापत होता, पण मोठा होता. "हे सगळ्यात आधी माझ्या आईने लिहिलं. ही माझी आई. याच फोनवरून, तीन खोटी नावं घेऊन. सुई आजाराने गेली, काकांनी तिला जपलं होतं. मला सगळं माहीत होतं आणि माझा दवाखाना चालावा म्हणून मी गप्प बसले." आईंच्या हातातून बाही सुटली. "आता मी हे माझं नाव घालून लिहिणार आहे. काका, शटर वर घ्या. आधी तुम्हाला सांगते."