टाकीतला आवाज

मिस्त्रीने पिकअपच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं, टाकीच्या तोंडाला कान लावला आणि हात वर केला.

"वहिनी, चावी फिरवा. स्टार्टर मारू नका, नुसती चावी."

तिने फिरवली. टाकीच्या पोटातून घूं असा बारीक आवाज आला आणि लगेच थांबला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी, चार माणसांत, गॅरेजमध्ये! तिची तिलाच लाज वाटली.

"हाच," ती म्हणाली. "पहाटे हाच येतो. गाडीला कुलूप, चावी घरात खिळ्याला, आणि हा आपला सुरू. चांगला घटकाभर घुमतो."

मिस्त्री हसला नाही. गाडीचा मालक, म्हणजे तिचा नवरा, त्याचा दोस्त होता.

वर्षापूर्वी ब्रेडचे क्रेट उतरवता उतरवता तिच्या नवऱ्याच्या छातीत कळ आली, आणि सगळं आटोपलं. रडून मोकळी व्हायलाही तिला सवड मिळाली नाही. ही म्हातारी पिकअप आणि बेकरीची पहाटे ब्रेड पोचवायची लाइन, दोन्ही तिच्या गळ्यात पडल्या. त्याही तिने निभावल्या. पण थंडी सुरू झाली आणि अंगणातून हा आवाज यायला लागला, नेमका नवरा निघायचा त्या वेळेला. शेजारच्या अंथरुणावर सासूबाई उठून बसत, म्हणत, "निघाला बघ," आणि पुन्हा आडव्या होऊन बिनघोर घोरायला लागत. झोप उडायची ती सुनेची. धीर करून बाहेर जावं, तर गाडीत कोणी नाही. मग निघायच्या वेळी गाडी ठार मेलेली. नवी बॅटरी घातली, तीही बसली. कालच बेकरीवाल्याने ठणकावलं होतं, "आता एकदा जरी उशीर झाला, तरी लाइन दुसऱ्याला." लाइन गेली की चूल गेली.

मिस्त्रीने बॉनेट उघडून फ्यूजच्या डबीत बोट घातलं. ते हिरवट होऊन बाहेर आलं.

"हे घ्या तुमचं भूत." त्याने काडेपेटीएवढा एक काळा ठोकळा तिच्या हातावर ठेवला. "टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा रिले, पंप चालू-बंद करणारं बटणच म्हणा. दव पडलं की ओल शिरते, आतले पॉइंट चिकटतात, पंप आपोआप चालू. तो बॅटरी पिऊन टाकतो. तुम्ही उगाच बॅटरीला शिव्या घातल्यात."

त्याने डबी पुसली, नवा रिले बसवला. गरम इंजिन एका झटक्यात सुरू झालं. येताना ती चक्क गुणगुणत आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती शांततेने. शेजारी सासूबाई उठून बसल्या होत्या. मान खिडकीकडे, कान अंगणाकडे. 'निघाला बघ' म्हणत नव्हत्या, पडतही नव्हत्या.

तिच्या मनात आलं, आपणच त्याला पुन्हा एकदा घालवला.

ती उठली. खिळ्यावरची चावी काढली, दार न वाजवता बाहेर गेली आणि गाडीत बसून चावी फिरवली. घूं. थांबला. पुन्हा फिरवली. घूं. आपण म्हातारीला फसवतोय याची तिला शरम वाटत होती आणि डोळ्यांना धार लागली होती, दोन्ही एकदमच.

निघायची वेळ होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग स्टार्टर मारला. इंजिन नुसतं कुरकुरलं. पुन्हा मारला. पुन्हा. दर खेपेला बॅटरीचा आवाज खाली खाली जात होता.

"मेले," ती म्हणाली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

"अगं, तीनदा."

सासूबाई शाल गुंडाळून दारात उभ्या होत्या.

"काय?"

"तू दोनदाच घुमवलंस. तो तीनदा घुमवायचा. आवाज थांबू द्यायचा, मग पुन्हा. म्हणायचा, आई, पेट्रोल रात्री खाली उतरून झोपतं, त्याला उठवल्याशिवाय इंजिनला हाक मारू नये. मी पडल्या पडल्या मोजायचे."

ती बघतच राहिली. "मी आहे हे कळलं तुम्हाला?"

"नाक ओढत होतीस की."

"आणि आधी? तेव्हा तर कोणीच..."

"तेव्हा एकच लांबलचक घूं यायचा. तो माझा मुलगा नव्हे, हे मला कळत नाही होय गं?"

"मग 'निघाला बघ' कशाला म्हणायचात?"

"तू पांघरुणात लटलट कापायचीस." म्हातारीने शाल घट्ट ओढली. "म्हटलं, भुताला भिशील, नवऱ्याला कशाला भिशील?"

सुनेने डोळे पुसले. मघाशी त्या कान देऊन बसल्या होत्या, त्या कशासाठी, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

"बघतेस काय? ब्रेड निवतोय तिकडे."

तिने चावी फिरवली. घूं. थांबू दिला. घूं. थांबू दिला. तिसऱ्यांदा घूं झाला आणि तिने स्टार्टर मारला. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली.

फाटकातून बाहेर पडताना तिने आरशात पाहिलं. सासूबाई दारातच होत्या, पण तोंड आत वळवलेलं होतं, रिकाम्या घराकडे. तिने काच खाली केली, म्हणून तेवढं ऐकू आलं.

"निघाली बघ," त्या आत कोणाला तरी सांगत होत्या.